जादूचं मोल

विक्रमाच्या खांद्यावरच्या वेताळाची अट मी लहानपणी ‘चांदोबा’त वाचली आणि ती मला राजापेक्षा, वेताळापेक्षाही जास्त आवडली. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मौन मोडेल आणि प्रेत पुन्हा झाडाला जाऊन लटकेल. राजाचं शहाणपण हेच राजाच्या पायातलं ओझं. पुढे कचाची गोष्ट कळली. त्याला संजीवनी मिळाली ती देवयानीच्या शापासकट. विद्या येईल, पण ती तुला फळणार नाही. ययातीला पुन्हा तारुण्य मिळालं, ते पुरूच्या आयुष्यातून काढून घेतलेलं होतं. आपल्या जुन्या गोष्टींत अद्भुताला तोटा नाही, पण हिशेब चोख आहे. काही मिळालं की कुणाच्या तरी खात्यातून काही वजा झालेलंच असतं.

गेली कित्येक वर्षं मी फँटसी आणि विज्ञानकथा वाचत आले, अलीकडे त्यांत जपानी लाइट नॉव्हेलची भर पडली. वाचलेल्यांपैकी बरंचसं विसरून गेले. जे टिकलं ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की माझी कसोटी त्या वेताळानेच घडवली आहे. पुस्तक मिटताना मी एकच विचारते: इथे जे अद्भुत घडलं त्याचं मोल कोणी मोजलं?

या कसोटीवर बरीच लोकप्रिय पुस्तकं मला नापास वाटतात, हे स्पष्ट सांगायला हवं. ज्या फँटसीत भाकितात सांगितलेला मुलगा जन्मापासूनच थोर असतो आणि आठशे पानांनंतरही तसाच राहतो, ती मला पोकळ वाटते. ज्या विज्ञानकथेत दोन शास्त्रज्ञ एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती केवळ वाचकासाठी पानंच्या पानं समजावून सांगतात, तिथे मला कथाही मिळत नाही आणि विज्ञानही. लाइट नॉव्हेलमध्ये तर एक साचाच पडून गेला आहे. एकाकी तरुण अपघातात मरतो, दुसऱ्या जगात जागा होतो, तिथे त्याला अमर्याद शक्ती मिळते आणि भेटेल ती मुलगी त्याच्यावर भाळते. थकल्या जिवाला अशी गोष्ट का हवीशी वाटते ते मला कळतं, आणि वाचणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्या तरुणाच्या शक्तीपायी कुणाचं काहीच जात नाही, म्हणून तिचं मलाही काही वाटत नाही.

याच तीन प्रकारांतली तीन पुस्तकं मात्र मी पुन्हा पुन्हा वाचते. त्यांच्याबद्दल लिहिताना शेवट झाकून ठेवता येणार नाहीत, कारण तिघांचंही मर्म शेवटात आहे.

पहिलं पुस्तक अर्सुला ल ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. ते 1968 साली आलं. अर्थसी म्हणजे बेटांचं जग. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा एक आईविना पोर जादूगार कसा होतो, त्याची ही गोष्ट. या मुलाला आणि त्या जगातल्या बहुतेकांना ल ग्विन यांनी तांबूस, सावळा, काळा वर्ण दिला आणि गोरे लोक परके, धाड घालणारे म्हणून आणले. त्या काळच्या इंग्रजी फँटसीत हे धाडस होतं, पण लेखिका त्याची दवंडी पिटत नाही. वर्ण येतो तो वाक्याच्या ओघात, डोंगर आणि शेळ्यांइतक्याच सहजपणे.

मला सर्वांत प्रिय आहे तो पावसाचा प्रसंग. ओगियन नावाच्या मोठ्या जादूगाराने या मुलाला शिष्य केलं आहे आणि दोघं डोंगरातून चालले आहेत. पाऊस येतो. गावोगावचे किरकोळ मांत्रिकसुद्धा मंत्र टाकून ढग दुसरीकडे पिटाळतात, आणि हा एवढा सिद्ध पुरुष झाडाखाली अंग टेकून पाऊस पडू देतो. मुलगा चिडतो. भिजायचंच असेल तर विद्या कशाला? त्याला अजून कळलेलं नाही की इथून हाकललेला ढग दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाणार आहे. कादंबरीतलं सगळं तत्त्वज्ञान या भिजण्यात आलं आहे आणि लेखिका ते उलगडून सांगत नाही. पुढे रोक बेटावरच्या विद्यापीठात गुरू तेच शब्दांत सांगतात. खड्याचा हिरा झाल्याचा भास निर्माण करणं सोपं आहे. खड्याचा खरोखर हिरा करायचा तर त्याचं खरं नाव बदलावं लागेल, आणि एका खड्याचं नाव बदललं तरी जगाचा तोल ढळतो.

अर्थसीतली सारी जादू नावांवर उभी आहे. प्रत्येक वस्तूला, प्रत्येक जिवाला एक खरं नाव असतं आणि ते जाणणाऱ्याची त्याच्यावर सत्ता चालते. म्हणून लोक चारचौघांत टोपणनावाने वावरतात आणि खरं नाव फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगतात. तेराव्या वर्षी हा मुलगा झऱ्याच्या बर्फगार पाण्यातून चालत पलीकडे जातो, तिथे ओगियन त्याला हाताला धरतो आणि हळूच त्याचं नाव सांगतो: गेड. हे वाचताना मला दर वेळी बारशातली आत्या आठवते, बाळाच्या कानाशी ओठ नेऊन नाव सांगणारी. नवऱ्याचं नाव एरवी न उच्चारणारी आणि उखाण्यातच घेणारी आजीही आठवते. नाव उच्चारणं म्हणजे काहीतरी खर्च करणं, हे आपल्या घरांना नवं नाही.

ल ग्विन यांच्या घरालाही ते नवं नव्हतं. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ होते. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीतला अखेरचा उरलेला माणूस 1911 साली लोकांसमोर आला, तेव्हा क्रोबर यांनी त्याच्याबरोबर काम केलं. त्याने आपलं खरं नाव कधीच सांगितलं नाही. क्रोबर त्याला ‘इशी’ म्हणत, म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं ‘माणूस’. 1916 साली तो वारला आणि नाव त्याच्याबरोबर गेलं. ल ग्विन यांच्या आई थिओडोरा यांनी 1961 साली त्याचं चरित्र लिहिलं. त्यानंतर सात वर्षांनी त्यांच्या लेकीची अर्थसी आली, जिथे खरं नाव सांगणं हा माणसाने माणसावर टाकलेला सर्वांत मोठा विश्वास आहे. एकातून दुसरं जन्मलं असा दावा मी करत नाही. पण ही दोन पुस्तकं एका घरातली आहेत, हे कळल्यापासून मी अर्थसी जास्त हळू वाचते.

रोकवर गेड चढाओढीच्या भरात मृतांच्या जगातून एका राणीला हाक मारतो आणि जगाला पडलेल्या चिरेतून एक काळी सावली आत शिरते. ती चीर बुजवताना वृद्ध कुलगुरू आपली सगळी शक्ती वेचतो आणि मरतो. गेड उरतो, चेहऱ्यावर कायमचे व्रण घेऊन. पोराच्या गर्वाचं पहिलं देणं अशा रीतीने दुसऱ्याच माणसाने फेडलं. पुढे पेंडोर बेटावर तो म्हाताऱ्या ड्रॅगनला त्याच्या खऱ्या नावाने बांधतो. ड्रॅगन सौदा पुढे ठेवतो: तुझ्या सावलीचं नाव मी सांगतो. गेडला जगात दुसरं काहीच नको आहे. तरीही तो ते नाव सोडतो आणि ड्रॅगनकडून वचन घेतो ते बेटांवर राहणाऱ्या साध्या माणसांसाठी. पूर्वी दुसऱ्याच्या जिवावर दिमाख मिरवणारा मुलगा इथे पहिल्यांदा स्वतःच्या पदरचं देतो. त्याची वाढ याच प्रसंगात झाली असं मी मानते.

शेवटी सावलीपासून पळणं थांबवून तो तिचा पाठलाग करतो. पूर्वेच्या टोकाला, जिथे समुद्राचीच वाळू झाली आहे, तिथे दोघं समोरासमोर येतात आणि एकाच क्षणी एकमेकांचं नाव घेतात. ते एकच नाव आहे. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. गेडने आपलं काळं अंग आपल्या नावावर करून घेतलं, एवढंच झालं.

या कादंबरीत एक उणीव मला कायम बोचते. रोकच्या विद्यापीठात एकही मुलगी नाही, आणि बायकांची मंत्रविद्या म्हणजे काहीतरी हलकं, दुष्ट, असं त्या जगाच्या म्हणीच सांगतात. ज्या मावशीने गेडला पहिला मंत्र शिकवला, तिला कथेने पुरती जागा दिली नाही. ल ग्विन यांना स्वतःला हे जाणवलं आणि 1990 साली ‘तेहानू’ लिहून त्या गाँट बेटावर, याच माणसांकडे परतल्या. या वेळी गोष्ट बायकांच्या बाजूने पाहिली. स्वतःच्याच जगाचं देणं लेखिकेने बावीस वर्षांनी फेडलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

दुसरी गोष्ट विज्ञानकथा आहे: डॅनियल कीज यांची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नॉन’. दीर्घकथा म्हणून ती एप्रिल 1959 मध्ये ‘द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’मध्ये आली, 1960 साली तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि 1966 साली तिची कादंबरी झाली. मी बोलणार आहे ते मूळ कथेबद्दल. कादंबरीत चार्लीचं बालपण आणि प्रेमप्रकरण विस्ताराने आलं आहे, त्यातलं काही मोलाचंही आहे. पण कथेची धार तिथे बोथट झाली, असं माझं प्रामाणिक मत आहे.

चार्ली गॉर्डन सदतीस वर्षांचा आहे, बुद्ध्यंक 68. दिवसा कारखान्यात हलकी कामं करतो, रात्री मिस किनियन यांच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकतो. डॉक्टर त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करतात. तीच शस्त्रक्रिया आधी अल्जर्नॉन नावाच्या उंदरावर यशस्वी झालेली आहे. चार्लीची बुद्धी तिपटीने वाढते, डॉक्टरांच्याही पुढे जाते, आणि त्याच बुद्धीने तो सिद्ध करतो की ती जितकी जास्त वाढली तितक्याच जास्त वेगाने उतरणार आहे. उंदीर आधी मरतो. चार्ली पुन्हा होता तिथे येतो.

विज्ञान इथे नाममात्र आहे. शस्त्रक्रियेचं वर्णन चार ओळींच्या पलीकडे जात नाही. कथेचं सारं बळ तिच्या घडणीत आहे. सगळी कथा म्हणजे चार्लीने स्वतः लिहिलेले प्रगती-अहवाल. सुरुवातीला शब्दाशब्दाला चुका, तुटकी वाक्यं. मग एके दिवशी त्याला स्वल्पविराम कळतो आणि तो दर एक-दोन शब्दांनंतर स्वल्पविराम टाकतो. दुसऱ्या दिवशी बाकीची चिन्हं कळतात आणि त्यांचा सडा पडतो. त्यानंतर काही अहवालांतच वाक्यं लांबतात, भाषा तुळतुळीत आणि जराशी थंड होते. उताराला लागल्यावर एकेक चिन्ह गळत जातं. त्याचं काय होत आहे हे लेखक सांगत नाही, शुद्धलेखन सांगतं. हातातून निसटणारा स्वल्पविराम पाहून गळा दाटून यावा, असं दुसरं लिखाण मला ठाऊक नाही.

हे मराठीत कसं उतरवायचं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत इतक्या दिसतात की त्यांवरून चार्ली कुणाला ओळखू येणार नाही. त्याला जोडाक्षरांवरच अडखळवावं लागेल. ‘प्रगती’चं ‘परगती’ होईल, ‘शस्त्रक्रिया’ त्याला एका दमात लिहिताच येणार नाही, आणि जोडाक्षरं एकेक करून सुटत गेली की तो शहाणा होत चालला हे वाचकाला डोळ्यांनी दिसेल. परत उतरताना तीच जोडाक्षरं फुटतील. चांगल्या भाषांतरकाराने एकदा हे आव्हान घ्यावं, अशी माझी इच्छा आहे.

मोलाचा हिशेब इथे फार कठोर आहे. कारखान्यात कुणी काही घोळ घातला की सगळे त्याला ‘चार्ली गॉर्डन केलास’ म्हणतात आणि चार्लीही सगळ्यांबरोबर हसतो. बुद्धी वाढल्यावर त्याला ते हसणं कळतं. शहाणपणाने त्याच्याकडून पहिली गोष्ट हिरावली ती मित्र. उपाहारगृहातला प्रसंग घ्या. बशा धुणाऱ्या मतिमंद मुलाच्या हातून भांडी फुटतात, सगळे हसतात, आणि क्षणभर चार्लीही हसतो. मग त्याला स्वतःची लाज वाटते. त्या क्षणी तो दोन्ही बाजूंना उभा आहे, हसणाऱ्यांतही आणि ज्याला हसलं जातं त्याच्यातही. शेवटाजवळ बुद्धी ओसरलेला चार्ली चुकून जुन्या वर्गात जाऊन जुन्या जागेवर बसतो. मिस किनियन रडत निघून जातात. आणि तो अहवालात लिहितो की आज मी खरंच ‘चार्ली गॉर्डन’ केलं. ज्या थट्टेने त्याला जखम झाली होती तीच थट्टा तो आता निरागसपणे स्वतःबद्दल वापरतो. जखम कुठे झाली होती हेही त्याच्या ध्यानात उरलेलं नाही. हे एक वाक्य मला अख्ख्या कथेतलं सर्वांत निष्ठुर आणि सर्वांत कोमल वाटतं.

कीज यांनी पुढे आठवणींत सांगितलं आहे की एका संपादकाला ही कथा सुखान्त हवी होती, चार्लीची बुद्धी टिकायला हवी होती. कीज तेव्हा पैशांच्या तंगीत होते, तरी त्यांनी नकार दिला. या कथेच्या वतीने लेखकानेही मोल मोजायची तयारी ठेवली होती.

तिसरं पुस्तक लाइट नॉव्हेल. जपानमध्ये खिशात मावणाऱ्या आकारात, मधूनमधून चित्रं घालून, मुख्यतः तरुणांसाठी ही पुस्तकं निघतात. छोटे परिच्छेद, भरपूर संवाद, एका मालिकेचे अनेक खंड. गंभीर वाचक या प्रकाराकडे सहसा पाहत नाहीत. त्यांच्यापुढे मी इसुना हासेकुरा यांची ‘स्पाइस अँड वुल्फ’ ठेवते. पहिला खंड 2006 साली आला, चित्रं जू आयाकुरा यांची.

लॉरेन्स हा पंचवीस वर्षांचा फिरता व्यापारी. एका रात्री त्याच्या गाडीत, गव्हाच्या पेंढीबरोबर, लांडग्याचे कान आणि शेपूट असलेली एक मुलगी येते. तिचं नाव होलो. शेकडो वर्षांपूर्वी एका गावकऱ्याला दिलेल्या शब्दाखातर ती त्या गावचं पीक सांभाळत आली. अधूनमधून ती मुद्दाम पीक कमी येऊ देई, कारण जमिनीला विसावा लागतो. गावकऱ्यांनी तिला लहरी ठरवलं. आता शेतीच्या नव्या पद्धती आल्या आहेत आणि देवीची गरज उरलेली नाही. पिकात लांडगा राहतो आणि कापणीच्या शेवटच्या पेंढीत तो सापडतो, ही युरोपातल्या शेतकऱ्यांची जुनी समजूत. मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथात ती नोंदवली आहे. हासेकुरा यांनी त्या समजुतीला एकटेपण दिलं. जिची पूजा सणापुरती उरली, अशी ही देवी आता उत्तरेकडच्या आपल्या घरी जायला निघाली आहे.

आणि या देवीच्या गोष्टीत लढाया जवळजवळ नाहीत. पेच आहे तो नाण्यांचा. एका चांदीच्या नाण्यातली चांदी लवकरच वाढणार आहे, अशी कुणकुण लॉरेन्सच्या कानी घातली जाते. प्रत्यक्षात ती घटणार आहे. ते उमगतं कसं? वेगवेगळ्या वेळी पाडलेली नाणी होलो आपल्या तीक्ष्ण कानांनी वाजवून ऐकते आणि आवाज बद्द होत चालल्याचं तिला कळतं. आपल्याकडे ‘खणखणीत नाणं’ हा शब्दप्रयोग असाच आला. सराफ नाणं वाजवून घेत, कस पाहत आणि बट्टा कापत. ज्याच्या भाषेत ‘नावाला बट्टा लागणं’ आहे, त्या मराठी वाचकाला हे कथानक फोड करून सांगावं लागणार नाही.

मला या पुस्तकाचं थोरपण दिसतं ते इथे. नाणं आणि देवी या दोन गोष्टी लेखकाने शेजारी ठेवल्या आहेत. दोघांचंही मोल लोकांच्या विश्वासावर उभं आहे. नाण्यावरचा विश्वास उडाला की ते धातूचा तुकडा होतं, देवीवरचा उडाला की ती एक एकाकी प्राणी होते. होलो कातडी विकताना त्यांत सफरचंदं दडवते आणि सुगंधाच्या जोरावर चढा भाव मिळवते. आपण त्या चतुराईला दाद देतो आणि पुढच्याच क्षणी उमजतं की स्वतःचा भाव पडलेला जिने पाहिला, तिलाच भाव कसा बनतो हे इतकं नेमकं ठाऊक असणार. लॉरेन्सशी तिची चाललेली नोकझोक गोड आहे, पण तिच्या तळाशी भीती आहे. तो माणूस आहे, तो मरणार, आणि ती पुन्हा एकटी उरणार. सहवासाचं हे मोल दोघांना पहिल्यापासून माहीत आहे आणि दोघंही सौदा मोडत नाहीत.

दोषही सांगते. पहिल्याच भेटीत होलोला विवस्त्र आणण्याची काहीएक गरज नव्हती, ती त्या बाजारातल्या तरुण वाचकाला दिलेली लालूच आहे. काही खंडांतले व्यवहार इतके गुंतागुंतीचे आहेत की कोण कुणाला फसवतं आहे हे समजायला पानं मागे उलटावी लागतात. मुख्य कथा सतरा खंड चालते, आणि त्यांतले काही खंड कमी असते तर बरं झालं असतं. तरीही पहिला खंड कोणत्याही चांगल्या कादंबरीच्या शेजारी मान ताठ ठेवून उभा राहील.

आपल्याकडे या साहित्याकडे ‘पोराटोरांचं वाचन’ म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांपुढे शास्त्रज्ञाची कीर्ती नको, नुसती कथा जावी यासाठी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. या साहित्याला द्यायचा न्याय तोच आहे: लेखकाचं नाव, प्रकाराचं नाव, मुखपृष्ठावरचं चित्र बाजूला ठेवा आणि कथा वाजवून पाहा.

माझा निवाडा असा. अर्थसी पहिली, कारण तिथे नायक स्वतःचं देणं स्वतः ओळखतो. अल्जर्नॉन तिच्या बरोबरीने, कारण तिथे ज्याला मोल पुरतं ठाऊक नव्हतं त्याला ते मोजावं लागतं. ‘स्पाइस अँड वुल्फ’ त्यांच्या एक पायरी खाली, पण त्याच जिन्यावर. तुमच्या घरातलं कुणी पंधरा-सोळा वर्षांचं मूल ड्रॅगनचं किंवा लांडग्याच्या कानांचं पुस्तक वाचत बसलेलं दिसलं, तर ते हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा, ते संपेपर्यंत थांबा आणि एवढंच विचारा: यातल्या जादूचं मोल कोणी मोजलं?